बारावीनंतर मुलांना परगावी शिकायला पाठवताना पालकांनी करावयाची तयारी

बारावीची परीक्षा मार्चमध्ये आटोपते, सीईटीसारख्या प्रवेश परीक्षा एप्रिल-मेमध्ये होतात आणि अभियांत्रिकी किंवा औषधनिर्माणशास्त्राच्या प्रवेशफेऱ्या पावसाळाभर चालून प्रत्यक्ष वर्ग भरायला ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखेची महाविद्यालये त्याआधीच सुरू होतात. म्हणजे घर सोडून शिकायला जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला आईवडिलांजवळ तीन ते पाच महिने मिळतात. बहुतेक घरांत हा काळ निकालाची वाट पाहण्यात आणि कटऑफच्या चर्चेत निघून जातो, आणि शेवटच्या आठवड्यात गादी, बादली, सुटकेस यांची धावपळ होते. खरेदीला दोन दिवस पुरतात. वेळ लागतो तो आतापर्यंत आईवडील, शाळा आणि क्लास यांनी मिळून सांभाळलेली कामे एकेक करून मुलांच्या अंगवळणी पाडायला, आणि हे काम मूल घरात असतानाच झाले पाहिजे, कारण तेव्हा चुकले तर सांगायला कोणीतरी जवळ असते.

कागदपत्रांची फाइल

सोपवण्याची पहिली गोष्ट म्हणजे कागदपत्रांची फाइल. ती बहुधा वडिलांच्या कपाटात असते आणि तीत काय आहे हे मुलाला ठाऊक नसते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, वय-राष्ट्रीयत्व-अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, आणि आरक्षणाचा लाभ घ्यायचा असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र (जातीचा दाखला समितीने पडताळल्याचे) व लागू असल्यास नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचे), हा त्यातला मुख्य ऐवज. मुलाला समोर बसवून प्रत्येक कागद कोणत्या कार्यालयातून मिळतो, कशासाठी लागतो आणि कधीपर्यंत चालतो हे त्यालाच एका कोऱ्या पानावर लिहायला सांगावे. नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, आणि गेल्या वर्षीचे प्रमाणपत्र घेऊन प्रवेशाला आलेला विद्यार्थी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या रांगेत रडकुंडीला आलेला दिसतो.

सर्वांत जास्त वेळ जात वैधतेला लागतो. त्यासाठी वडील, आजोबा, चुलते यांच्या शाळेच्या नोंदी, आणि त्या नसतील तर गाव नमुना क्रमांक १४ किंवा कोतवाल बुक या गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांतील जुनी नोंद शोधावी लागते. हा पुरावा अनुसूचित जातींसाठी १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी १९६७ पूर्वीचा असावा लागतो. त्यामुळे हा अर्ज अकरावीतच करावा. बारावीच्या निकालानंतर अर्ज करून प्रवेशफेरीच्या आत प्रमाणपत्र हातात पडेल, या भरवशावर राहू नये. बाकीचे दाखले सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून मिळतात, पण मे-जूनमध्ये तेथेही गर्दी उसळते, म्हणून परीक्षा संपताच एप्रिलमध्ये ते काढून घ्यावेत आणि सेतू केंद्रात मुलालाच पाठवावे. तहसील कचेरीत रांग धरून, चुकीच्या खिडकीवरून परत येऊन, पुन्हा योग्य खिडकीवर जाणे हा नागरिकशास्त्राचा धडा कोणत्याही पुस्तकात नीट शिकवलेला नाही.

दहावीची गुणपत्रिका, आधार आणि बँकेचे पासबुक या तिन्हींवरील नाव अक्षरशः सारखे आहे का, हे याच वेळी पाहावे. आडनावाचे रोमन लिपीतील स्पेलिंग एका ठिकाणी वेगळे, वडिलांच्या नावापुढचे ‘राव’ एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, एवढ्याशा फरकावरून शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो. महाडीबीटी पोर्टलवरून मिळणारी शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी संलग्न केलेल्या बँक खात्यातच जमा होते. ज्या मुलाची दोन खाती आहेत त्याला यांपैकी संलग्न खाते कोणते हे माहीत असले पाहिजे, नाहीतर पैसे आलेच नाहीत अशी तक्रार तो वर्षभर करत राहतो आणि ते जुन्या, विसरलेल्या खात्यात पडून असतात.

राज्य शासनाच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्गातील मुलींना, केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होते. वसतिगृह आणि मेसचा खर्च त्यात येत नाही. परगावी राहणाऱ्या मुलामुलींसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी, शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास, डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. प्रत्येक योजनेच्या अटी मुलीने किंवा मुलाने स्वतः वाचून पालकांना समजावून सांगाव्यात, असा क्रम ठेवला तर पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरण्याची आठवण आपल्याला करून द्यावी लागत नाही. अर्ज भरला म्हणजे काम झाले असेही नाही. तो महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये जातो, तेथे तपासला जातो, आणि तेथेच अडकून राहण्याचा संभव सर्वांत जास्त असतो. महिन्यातून एकदा अर्जाची स्थिती पाहणे हे विद्यार्थ्याचे काम आहे.

प्रवेशाचे अर्ज सायबर कॅफेतून भरून घेण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, आणि घरी संगणक नसेल तर त्यात वावगे काही नाही. मात्र अर्जात मोबाइल क्रमांक आणि ईमेल मुलाचाच असावा आणि पासवर्ड त्यानेच लिहून ठेवावा. पसंतीक्रम भरताना पालकांनी शेजारी बसावे, पण यादी मुलाने करावी. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तोच प्रवेश अंतिम मानला जातो आणि पुढच्या फेऱ्यांची दारे बंद होतात. त्यामुळे ‘बघू, मिळते का’ म्हणून एखादे नाव वर टाकणे अंगाशी येते. शाखा महत्त्वाची की महाविद्यालय, यावर घराघरांत वाद होतात. माझे मत असे की मुलाला विषयाबद्दल निश्चित ओढ असेल तर शाखा धरावी, आणि तशी ओढ नसेल, जी बहुसंख्यांना सतराव्या वर्षी नसतेच, तर शिकवणे चांगले चालते अशी ख्याती असलेले महाविद्यालय धरावे.

शाळा सोडल्याचा मूळ दाखला महाविद्यालयात जमा करावा लागतो, म्हणून त्याच्या सत्यप्रती आधीच काढून ठेवाव्यात. गुणपत्रिकांसारखी इतर मूळ कागदपत्रे पडताळून परत द्यावीत, ठेवून घेऊ नयेत, अशी विद्यापीठ अनुदान आयोगाची सूचना आहे. तरीही कोणी ती मागून घेतलीच तर लेखी पोच घेतल्याशिवाय देऊ नयेत. सर्व कागद स्कॅन करून डिजिलॉकरमध्ये आणि मुलाच्या ईमेलमध्ये ठेवावेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार श्रेयांक जमा होण्यासाठी लागणारा ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांकही डिजिलॉकरमधूनच काढता येतो.

पैशाचा व्यवहार

अठरा वर्षे पूर्ण झाली की अज्ञान म्हणून उघडलेल्या खात्यासाठी नव्याने केवायसी आणि स्वाक्षरी द्यावी लागते. हे काम गावच्या शाखेत, घरी असतानाच उरकावे. त्यानंतर जूनपासून एक प्रयोग करून पाहावा: एक तारखेला महिन्याची सगळी रक्कम एकदम मुलाच्या खात्यात टाकावी आणि त्यातून त्याचा मोबाइल रिचार्ज, प्रवास, कपडे, मित्रांबरोबरचा खर्च असे सर्व काही त्यानेच भागवावे. वीस तारखेला पैसे संपले तर उरलेले दहा दिवस घरच्या जेवणावर काढता येतात, आणि ही सोय परगावी नसते. पालकांनी मध्येच गुपचूप पाचशे रुपये पाठवू नयेत. आजीला मात्र हे पटवणे कठीण जाते.

खर्चाचा अंदाज करताना फी, खोली आणि मेस हे तीन मोठे आकडे सर्वांच्या ध्यानात असतात. चुकतो तो किरकोळीचा हिशेब. जर्नल, प्रिंट, प्रकल्पाचे साहित्य, ड्रॉइंगची साधने, परीक्षा अर्ज, सणावाराला घरी येण्याजाण्याचे तिकीट, खोलीचे आगाऊ डिपॉझिट आणि पहिल्या महिन्यातली भांडीकुंडी यांची बेरीज बरीच होते. त्या महाविद्यालयात शिकणाऱ्या गावातल्या किंवा ओळखीतल्या एखाद्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठून त्याचा गेल्या वर्षीचा खरा खर्च विचारावा. माहितीपत्रकापेक्षा त्याचे उत्तर अधिक उपयोगी पडते. शैक्षणिक कर्ज घ्यायचे असेल तर त्या कर्जाची रक्कम, व्याज आणि हप्ता कधी सुरू होणार हे मुलाला सांगावे. त्याच्यावर दडपण येऊ नये म्हणून काही घरांत हे लपवले जाते, परंतु कर्ज त्याच्याही नावावर असते आणि कागदावर त्याचीही सही असते.

ऑनलाइन फसवणुकीबद्दल एक नियम पक्का करून घ्यावा: पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. खोली भाड्याने देतो असे सांगून आधी टोकन मागणारे, शिष्यवृत्ती मंजूर झाली म्हणून ओटीपी विचारणारे लोक प्रवेशाच्या हंगामातच वाढतात. फसवणूक झालीच तर घरी काय म्हणतील या भीतीने मूल गप्प बसते आणि मोलाचे तास वाया जातात. म्हणून १९३० या सायबर हेल्पलाइनवर आधी फोन करायचा, मग घरी सांगायचे, आणि घरी कोणी रागावणार नाही, एवढे आधीच ठरवून ठेवावे.

स्वतःच्या वेळेचा कारभार

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते या बाबीकडे. अकरावी-बारावीची दोन वर्षे आजची पुष्कळ मुले क्लासच्या वेळापत्रकावर काढतात. इंटिग्रेटेड तुकडीतील, म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयाचा अभ्यासही क्लासमध्येच करणाऱ्या मुलांना तर कनिष्ठ महाविद्यालयाची पायरीही फारशी चढावी लागत नाही. सकाळी किती वाजता उठायचे, कोणता धडा कधी वाचायचा, चाचणी केव्हा, शंका विचारायची वेळ कोणती, हे सारे दुसऱ्याने ठरवलेले असते, आणि कमी गुण पडले तर संध्याकाळपर्यंत घरी संदेश येतो. अशा मुलाला महाविद्यालयात गेल्यावर अचानक दुपारी दोननंतरचा दिवस मोकळा मिळतो. आज अभ्यास केला नाही तर उद्या कोणी विचारत नाही. विचारणा होते ती थेट सत्राच्या शेवटी, एकतर उपस्थिती ७५ टक्क्यांखाली गेल्यामुळे डिफॉल्टरच्या यादीत नाव लागल्यावर किंवा केटी लागल्यावर, म्हणजे एखादा विषय राहिल्यावर.

यावर उपाय सुट्टीतच सुरू करावा. प्रवेश परीक्षा संपल्यावर मुलाला काही दिवस मनसोक्त झोपू द्यावे, त्याचा त्याला हक्क आहे. त्यानंतर मात्र उठवण्याचे काम आईने थांबवावे. गजर त्याने लावावा, आणि उशीर झाला तर त्याचे परिणाम त्यानेच पाहावेत. सुट्टीत त्याने असे एखादे काम घ्यावे जे रोज करावे लागते आणि ज्याची आठवण कोणी करून देत नाही. दुकानात दोन तास बसणे, शेजारच्या मुलाला गणित शिकवणे, पोहायला किंवा टायपिंगला जाणे, यांपैकी काहीही चालेल. प्रवेशासाठी लागणाऱ्या सर्व तारखांची नोंदही त्यानेच एका वहीत किंवा मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये ठेवावी. पालकांनी आपली वेगळी नोंद खुशाल ठेवावी, कारण प्रवेशाची तारीख चुकू देणे हा धडा फार महाग पडतो, पण आपली नोंद आधी पुढे करू नये. ‘या आठवड्यात काय काय आहे?’ एवढेच विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी.

मराठी माध्यमातून किंवा तालुक्याच्या गावातून जाणाऱ्या मुलांना पहिल्या सत्रात आणखी एक अडचण येते. विषय समजत असतो, पण इंग्रजीतील व्याख्यानाचा वेग झेपत नाही आणि वर्गात उठून प्रश्न विचारण्याचे धाडस होत नाही. याची कल्पना मुलाला आधी द्यावी, म्हणजे ही उणीव आपल्या बुद्धीत आहे असा त्याचा समज होणार नाही. सुट्टीत पहिल्या सत्राच्या एक-दोन पाठ्यपुस्तकांचे धडे वाचून त्यातील संज्ञांची मराठी-इंग्रजी यादी करण्याचा सराव उपयोगी पडतो. प्राध्यापकांना तासानंतर एकट्याने भेटून शंका विचारता येते, त्यात कमीपणा नाही, आणि बहुतेक प्राध्यापकांना ते आवडते, हेही सांगावे. दहावीला ९५ टक्के असलेल्या मुलाला पहिल्या अंतर्गत परीक्षेत वीसपैकी नऊ गुण मिळाले तर घरात काय बोलले जाईल, हे पालकांनीही आपल्या मनाशी आधीच ठरवून ठेवलेले बरे.

खोली, मेस आणि प्रकृती

महाविद्यालयाचे वसतिगृह मिळत असेल तर निदान पहिल्या वर्षी तेच घ्यावे. मित्र तेथे आपोआप मिळतात. सामाजिक न्याय विभागाची शासकीय वसतिगृहे आहेत, आणि पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीसारखी, ग्रामीण भागातील होतकरू मुलामुलींसाठी १९५५ पासून काम करणारी संस्था आहे. यांचे अर्ज प्रवेशाच्या सुमारासच निघतात, त्यावर लक्ष ठेवावे. पुण्यासारख्या शहरात कॉट बेसिसवर, म्हणजे सामाईक खोलीत एका खाटेचे भाडे देऊन, राहायचे झाल्यास दलालाच्या मोबाइलमधील छायाचित्रांवर विसंबू नये. मुलाला बरोबर घेऊन स्वतः जावे, आणि प्रश्न मुलाला विचारू द्यावेत: खोलीत एकूण किती कॉट, पाणी किती वाजता येते, वीजबिल भाड्यात धरले आहे की वेगळे, सोडताना किती दिवस आधी सांगायचे, डिपॉझिट कशावरून कापले जाते. करार किंवा निदान पावती लेखी घ्यावी आणि सामान लावण्यापूर्वी खोलीची छायाचित्रे काढून ठेवावीत. सध्या तेथे राहणाऱ्या मुलांशी मालकाच्या पाठीमागे पाच मिनिटे बोलणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

मेस ठरवताना पहिल्या दिवशी महिन्याचे पैसे भरू नयेत. दोन-तीन ठिकाणी एकेक वेळ जेवून पाहावे, आणि खाड्याचा नियम विचारावा, म्हणजे गावी गेल्यास किती दिवसांचे पैसे वळते होतात आणि त्यासाठी किती दिवस सलग गैरहजर राहावे लागते. रविवारी संध्याकाळी पुष्कळ मेस बंद असतात. त्या एका वेळेसाठी तरी खिचडी, पोहे, अंडी किंवा वरणभात करता यावा. मुलगी असो वा मुलगा, एवढा स्वयंपाक, कपडे धुणे आणि तुटलेले बटण लावणे जूनपर्यंत हाताखालून गेले पाहिजे. वसतिगृहात शेगडी किंवा इंडक्शन चालते का हे नियमावलीत पाहूनच सामान बांधावे, नाहीतर पहिल्याच तपासणीत ते जप्त होते.

औषधांची छोटी पेटी द्यावी आणि कोणती गोळी कशासाठी हे मुलानेच त्यावर लिहावे. रक्तगट, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, आरोग्य विमा असेल तर त्याचा क्रमांक, आणि खोलीपासून जवळचे रुग्णालय, एवढे त्याच्या मोबाइलमध्ये असावे. दमा, मधुमेह, अपस्मार यांसारखा आजार असेल तर निदान एका खोलीमित्राला आणि वसतिगृहाच्या रेक्टरना ते सांगणे आवश्यक आहे. मुले लाजून हे टाळतात, म्हणून हे काम पालकांनी निघण्यापूर्वी मुलाच्या संमतीने आणि त्याच्यादेखत करावे.

रॅगिंगविषयी मोघम सूचना देऊन भागत नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा असून त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक दोघांनाही हमीपत्र भरावे लागते. ते घाईघाईने सही करून देऊ नये, दोघांनी बसून वाचावे. १८००-१८०-५५२२ ही चोवीस तास चालणारी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मुलाच्या मनात बहुधा शंका असते ती अशी की ओळख करून घेण्याच्या नावाखाली चाललेले काय सहन करावे आणि काय नाही. त्याला सरळ सांगावे की ज्याला नाही म्हणण्याची मुभा नाही ते रॅगिंग होय, आणि बळी स्वतः असो किंवा शेजारच्या खोलीतला मुलगा, तक्रार करता येते.

गेल्यानंतरचे पहिले सत्र

पोहोचवायला जावे, पण सामान लावून होताच निघावे. फोनची वेळ दोघांच्या सोयीने ठरवावी. रोज तीन वेळा फोन येणारे मूल खोलीतल्या मित्रांत मिसळायला उशीर लावते, आणि आठ-आठ दिवस फोन न करणाऱ्याची काळजी वाटणे साहजिक आहे. दिवसाआड एकदा, रात्रीच्या जेवणानंतर, हे बहुतेकांना जमते. ‘जेवलास का, अभ्यास झाला का’ या प्रश्नांना एका शब्दात उत्तरे मिळतात. ‘आज जेवायला बरोबर कोण होते’ असे विचारले तर बोलणे पुढे सरकते आणि मुलाला कोणाची सोबत आहे की नाही हेही कळते. पहिल्या महिन्यात घरची आठवण येऊन रडू येणे, परत यावेसे वाटणे हे नेहमीचे आहे आणि ते बहुधा ओसरते. झोप उडणे, जेवण टाळणे, तासांना जाणेच थांबणे, कोणाशीही न बोलणे हे दोन-तीन आठवडे चालू राहिले तर मात्र वाट पाहत बसू नये. महाविद्यालयात समुपदेशक असतील तर त्यांची भेट घ्यावी, आणि १४४१६ या टेली-मानस (मानसिक आरोग्याची शासकीय हेल्पलाइन) क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते हे मुलाला निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे. जिवाला अपाय करण्याची भाषा कानावर आली तर त्याच दिवशी गाडी पकडावी.

दिवाळीत मूल घरी येते तेव्हा नातेवाइकांसमोर त्याला टक्के विचारू नयेत. एकदा निवांत बसून त्याने खर्चाची वही दाखवावी, शिष्यवृत्तीच्या अर्जाची स्थिती सांगावी आणि कोणता विषय जड जातो ते बोलावे. पैसे कमी पडत असतील तर महाविद्यालयातील कमवा व शिका योजनेची चौकशी करता येते. तिच्यात रोज थोडे तास ग्रंथालयात किंवा कार्यालयात काम करून मानधन मिळते. शाखाच चुकली असे तो ठामपणे म्हणत असेल तर तेथल्या तेथे होकार किंवा नकार देऊ नये. पहिले सत्र पूर्ण करून परीक्षा द्यावी, दुसऱ्या वर्षी शाखा बदलण्याचे किंवा दुसऱ्या महाविद्यालयात जाण्याचे नियम त्याने विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून स्वतः काढून आणावेत, प्रवेश रद्द केल्यास किती फी परत मिळते आणि पुन्हा प्रवेश परीक्षा द्यावी लागेल का हेही लेखी विचारून घ्यावे, आणि हे सर्व कागद समोर ठेवून जानेवारीत दोघांनी निर्णय करावा.